ताक, सोडा आणि मूठभर बेदाणे

ऐकताय ना? ज्यांचे हात भाकरीच्या पिठात आहेत त्यांनी थापता थापता ऐका. ज्या गटाच्या बैठकीला जमल्या आहेत त्यांनी आवाज जरा मोठा करा. आणि घरात वही-पेन असेल तर तेही जवळ ठेवा, कारण आज मापं सांगायची आहेत.

आज बोलायचं आहे एका पावाविषयी. बेकरीतला लादीपाव नव्हे. हा पाव घरी करायचा असतो. त्याला यीस्ट लागत नाही, पीठ रात्रभर आंबवावं लागत नाही. मैदा, आंबट ताक, खायचा सोडा आणि मीठ एवढ्यात तो होतो. त्यात थोडी साखर आणि मूठभर बेदाणे घातले की झाला गोड पाव. याचं गाव आपल्यापासून फार लांब आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला समुद्रात आयर्लंड नावाचं बेट आहे, पावसाळी आणि हिरवंगार. तिथल्या शेतकरी बायकांचा हा पाव. त्याला सोडा ब्रेड म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आयर्लंडचा पाव आमच्या रेडिओवर कसा आला? आमच्या एका मैत्रिणीची मुलगी तिकडे दवाखान्यात नर्स आहे. तिने फोनवर आईला सांगितलं, "आई, इथल्या बायका ताकातला पाव करतात. ओव्हन नसला तरी होतो. तू करून बघ." आईने गटात सांगितलं. आणि गटाने, म्हणजे आम्ही, जी फजिती केली ती आधी ऐका.

बारा पावांची फजिती

संक्रांतीचे दिवस होते. एका घरी हळदीकुंकू होतं. चहाबरोबर काही वेगळं द्यायचं म्हणून त्यांनी आम्हाला बारा गोड पाव सांगितले. आम्ही एकदाही करून न बघता हो म्हटलं. तीन किलो मैदा गटाच्या पैशांतून आणला. बेदाणे आमच्यातल्या एकीने आणले, स्वतःच्या कोंबड्यांच्या अंड्यांचे पैसे साठवले होते त्यातून. "गटाची पहिली ऑर्डर आहे, माझ्याकडून घ्या," म्हणाली.

मुलीने सांगितलं होतं, पाव किलो मैद्याला अर्धा चमचा सोडा. चमचा कोणता, ते आम्ही विचारलं नाही. आमच्या हाताशी पोह्याचा चमचा होता. तोही आम्ही शीग लावून भरला. मग पीठ चपातीच्या कणकेसारखं मळमळ मळलं. आणि मळल्यावर, आपली सवय, ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरायला ठेवलं.

पाव झाले ते दगडासारखे. कापले तर आतून पिवळे. तोंडात घातले तर साबणाची चव. एक म्हातारी मावशी म्हणाल्या, "गं बायांनो, धुण्याचा सोडा घातलात की काय?" आम्ही ऑर्डरचे पैसे परत दिले. बारा पाव म्हशीपुढे टाकले. तिनेही हुंगून मान फिरवली. आणि जिने बेदाणे आणले होते ती काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

तीन चुका झाल्या होत्या: चमचा, मळणं आणि मुरवणं. तिन्ही आमच्या चांगल्या सवयींतून झाल्या होत्या. चपातीला जे बरोबर, ते या पावाला चूक कसं, हे कळायचं असेल तर हा पाव कोणी, कशासाठी केला ते बघावं लागतं.

लोण्याच्या मडक्यातून आलेला पाव

आयर्लंडची हवा थंड आणि दमट. तिथे पिकणारा गहू मऊ असतो. त्याच्या पिठाला चिवटपणा कमी. यीस्टने फुगवायच्या पावाला चिवट पीठ लागतं, कारण पीठ ताणलं गेलं पाहिजे आणि आतली हवा तासन् तास धरून ठेवली पाहिजे. मऊ गव्हाला ते नीट जमत नाही.

पण गवत भरपूर, म्हणून गायी भरपूर. घराघरात लोणी निघायचं. साय काही दिवस साठवायची, ती आपोआप आंबायची, मग घुसळायची. हे काम बायकांचं. तिकडचं कॉर्क नावाचं बंदर तर लोण्याच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होतं. तिथे 1770 साली सुरू झालेला लोण्याचा बाजार पुढे जगातला सर्वांत मोठा मानला गेला. लोणी बाजारात गेलं की घरात काय उरतं? ताक. आपल्याला हे सांगायला नको.

मग एकोणिसाव्या शतकात, साधारण 1830 नंतर, खायचा सोडा दुकानात स्वस्तात मिळू लागला. 1836 साली लंडनच्या एका शेतकी मासिकात सोडा ब्रेडची कृती छापून आली. ती आयर्लंडच्या डाऊन परगण्यातल्या वर्तमानपत्रातून घेतलेली होती. म्हणजे तेव्हाच तिकडच्या घरांत हा पाव होत होता. मऊ पीठ घरचं, आंबट ताक घरचं, सोडा तेवढा विकतचा, तोही चिमूटभर. गरिबाच्या चुलीला परवडेल असा हिशोब.

तेव्हा गरिबांचं मुख्य अन्न बटाटा होतं. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला आणि मोठा दुष्काळ आला. सात वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली. दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. त्या वेळी अमेरिकेतून मक्याचं पिवळं पीठ आणून वाटलं गेलं. त्याला ते लोक 'इंडियन मील' म्हणत. त्याचा आपल्या देशाशी काही संबंध नाही, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांवरून ते नाव पडलं. दुष्काळानंतरच्या काळात केवळ बटाट्यावर अवलंबून राहणं कमी झालं आणि सोडा ब्रेड गावोगावी रोजचा झाला.

ओव्हन कोणाकडे होता? जवळजवळ कोणाकडेच नाही. चुलीवर बिडाचं जाड भांडं टांगलेलं असायचं. त्यात पिठाचा गोळा ठेवायचा, झाकण लावायचं आणि झाकणावर निखारे रचायचे. त्या भांड्याला तिकडे बॅस्टिबल म्हणतात. जळणाला लाकूड कमी, म्हणून दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून, वाळवून जाळायची. आपल्या गोवऱ्या रचतात तसे त्या विटांचे ढीग दारासमोर असत.

खाली निखारे, वर निखारे. कोकणातल्या मैत्रिणी आता हसत असतील. काकडीचं धोंडस त्यांच्या आज्यांनी असंच तर भाजलं. म्हणजे ही रीत आपल्याला परकी नाही. पाव फुगवायची युक्ती तेवढी वेगळी. गोव्यात पाववाल्यांनी माडाची ताडी घालून पीठ आंबवलं, आयर्लंडच्या बाईने ताकात सोडा घातला. ज्याच्या दारात जे होतं ते त्याने वापरलं.

गोड पाव कधी व्हायचा?

रोजचा सोडा ब्रेड मिठाचा, पण साखरेविना. साखर आणि बेदाणे दुकानातून आणावे लागायचे. म्हणून गोड पाव रविवारी, पाहुणा आला की, नाहीतर सुगीच्या दिवसांत व्हायचा. तिकडेही आपल्या सावडीसारखी रीत होती. शेजारी एकमेकांच्या मळणीला जायचे आणि घरच्या बायका शेतावर चहा आणि बेदाण्यांचा पाव पोचवायच्या.

या पावाला नावंही गमतीची. पांढऱ्या पावात काळे ठिपके दिसतात म्हणून कुठे 'स्पॉटेड डॉग', म्हणजे ठिपक्यांचा कुत्रा. कुठे 'रेल्वे केक'. कुठे नुसतं 'गोड केक'. काही ठिकाणी त्यात शहाजिरे घालतात. आयर्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी पुढे साखर, लोणी, अंडी वाढवत नेली. आज तिकडे 17 मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, जो सोडा ब्रेड मिळतो तो बहुधा असा गोडच असतो. आयर्लंडमधल्या जुन्या बायका तो बघून म्हणतात, हा पाव नव्हे, हा केक.

आता बेदाण्यांचे पैसे कुठून यायचे, ते ऐका. लोणी आणि अंडी विकून आलेला पैसा हा शेतकरी घरातल्या बाईचा पैसा होता. गुरं आणि धान्य यांचा पैसा पुरुषाच्या हातात. लोण्या-अंड्यांच्या पैशांतून चहा, साखर, मुलांचे बूट. पुष्कळ ठिकाणी तर दुकानदाराला अंडी द्यायची आणि बदल्यात किराणा घ्यायचा.

मग 1889 साली लिमरिक परगण्यातल्या एका गावात सहकारी लोणी कारखाना निघाला आणि पुढे असे कारखाने देशभर झाले. शेतकऱ्यांचा त्यात फायदा झाला, लोणी एकसारखं आणि चांगलं निघू लागलं. पण दूध गाडीतून कारखान्यात जायला लागलं आणि त्याचे पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर जमा होऊ लागले. बाईचं घुसळणं थांबलं, कष्ट कमी झाले, पण त्याबरोबर तिच्या हातातला पैसाही गेला. उरल्या कोंबड्या आणि अंडी. मैत्रिणींनो, डेअरीचं कार्ड कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न आपल्या बैठकांत किती वेळा निघतो ते आठवा.

1910 साली वेक्सफर्ड परगण्यातल्या ब्री नावाच्या गावात तिकडच्या ग्रामीण बायकांनी आपली संघटना काढली. 1935 पासून तिचं नाव आयरिश कंट्रीवुमेन्स असोसिएशन. स्वयंपाक, कोंबडीपालन, हस्तकला यांचे वर्ग त्यांनी घेतले. गावाला वीज आणि घरात नळ यावा म्हणूनही त्या झगडल्या. 1954 साली त्यांनी लाऊथ परगण्यात स्वतःचं निवासी शिक्षण केंद्र सुरू केलं. गटात बसून पाव शिकणं आणि गटात बसून नळाची मागणी करणं, ही कामं त्यांना वेगळी वाटली नाहीत.

फुगतो कशाने?

आता आपल्या तीन चुकांकडे येऊ. एका वाटीत दोन चमचे आंबट दही घ्या आणि त्यावर चिमूटभर सोडा टाका. लगेच फेस येईल. ताकातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. त्याचेच हे बुडबुडे. पिठात हेच बुडबुडे अडकतात, आच लागली की फुगतात, आणि पीठ भाजून घट्ट होतं तेव्हा जाळी तशीच राहते. ढोकळ्यात आपण हेच करतो.

यावरून तिन्ही गोष्टी कळतात.

पहिली, माप. जेवढा आंबटपणा तेवढाच सोडा खर्ची पडतो. जास्त घातलेला सोडा तसाच राहतो, आणि तापला की त्यातला बराचसा चक्क धुण्याच्या सोड्यात बदलतो. म्हणून साबणाची चव, म्हणून पिवळा रंग. मावशी बरोबर बोलल्या होत्या. जास्त सोड्याने पाव जास्त फुगत नाही, तो बिघडतो.

दुसरी, मळणं. गव्हाचं पीठ जितकं मळाल तितकं ते चिवट होतं. चपातीला ते हवं असतं, म्हणजे लाटताना ती फाटत नाही. इथे चिवटपणा आला की पाव वातड होतो, आणि मळताना बुडबुडे फुटतात ते वेगळंच.

तिसरी, मुरवणं. बुडबुडे ताक पडल्या क्षणापासून सुटायला लागतात. अर्धा तास थांबलात तर ते निघून जातात. म्हणून आधी भांडं तापवायचं, मगच ताक ओतायचं. ताक पडलं की पाच मिनिटांच्या आत पाव आचेवर गेला पाहिजे.

आता वही उघडा

एका लहान पावाचं माप सांगतो. चार-पाच जणांना चहाबरोबर पुरतो. चहाचा चमचा म्हणजे चहात साखर ढवळायचा छोटा. आणि सपाट म्हणजे भरून वरून सुरीची पाठ फिरवलेला.

मैदा पाव किलो. हवं तर पावणेदोनशे ग्रॅम मैदा आणि पाऊणशे ग्रॅम चपातीचं पीठ.
खायचा सोडा चहाचा अर्धा चमचा, सपाट.
मीठ चहाचा अर्धा चमचा.
साखर पोह्याचे दोन चमचे.
बेदाणे पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ.
लोणी किंवा घट्ट तूप पोह्याचा एक चमचा.
शहाजिरे चहाचा अर्धा चमचा, आवडत असतील तर.
घट्ट आंबट ताक पावणेदोनशे ते दोनशे मिलिलिटर.

ताकाविषयी एक लक्षात ठेवा. आपण पितो ते पातळ ताक इथे चालत नाही. तीन वाट्या दह्याला एक वाटी पाणी घालून घुसळलं की हवं तसं होतं. ते आंबट हवं. गोडसर ताजं दही घेतलं तर सोड्याला जोडीदारच मिळत नाही.

अंडं चालत असेल तर मापाच्या भांड्यात आधी एक अंडं फोडून फेटा आणि त्यावर ताक ओतून तेच माप पुरं करा. नसलं तरी पाव उत्तम होतो. साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर तो किसून ताकात विरघळवून घ्या. पाव तांबूस होतो आणि वासही छान येतो.

आधी कढई. जाड बुडाची जुनी कढई घ्या. तळाला बोटभर जाडं मीठ किंवा कोरडी स्वच्छ वाळू पसरा. त्यावर लोखंडी रिंग ठेवा, घट्ट बसणारं झाकण लावा आणि मध्यम आचेवर दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. रोजचा कुकर या कामाला वापरू नका, कोरडा तापवल्याने खराब होतो. पाव ठेवायच्या डब्याला आतून तूप लावून वर मैदा भुरभुरवा.

आता परातीत मैदा, सोडा आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळा. सोड्याची गुठळी राहिली तर तिथे पिवळा कडू डाग पडतो. लोणी पिठात बोटांनी चोळा. साखर, बेदाणे, शहाजिरे मिसळा. मध्ये खळगा करून ताक एकदम ओता, थोडं मागे ठेवा. आयर्लंडच्या बायका बोटं ताठ आणि फाकलेली ठेवतात, कोंबडीच्या पंजासारखी, आणि हात गोल फिरवतात. पाच-सात फेऱ्यांत पीठ एकत्र येतं. कोरडं वाटलं तर उरलेलं ताक घाला. पीठ चपातीच्या कणकेहून सैल आणि जरा चिकट हवं. ते खडबडीत दिसेल. दिसू द्या.

हाताला मैदा लावून गोळा फक्त गोल करा, डब्यात ठेवा, वरून जरा दाबा. सुरीने अधिक चिन्हासारखे दोन छेद द्या, निम्म्याहून खोल. तिकडे म्हणतात, या छेदांतून पऱ्या बाहेर पडतात, नाहीतर त्या पावाला नजर लावतात. कोणी म्हणतात हा क्रूस आहे, पावाला आशीर्वाद. आमच्या मते खरं काम आचेचं आहे. छेदामुळे मधल्या जाड भागापर्यंत आच पोचते आणि भाजल्यावर पाव हाताने चार तुकड्यांत मोडता येतो.

डबा कढईत ठेवा, झाकण लावा, आच मध्यमपेक्षा थोडी कमी करा. पहिली अर्धा तास झाकण उघडू नका. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांनी सुई घालून बघा, कोरडी निघाली पाहिजे. मग पाव काढून उलटा धरा आणि तळावर बोटाने टकटक करा. पोकळ आवाज आला की भाजला. तिकडच्या घरोघरी हीच खूण. आवाज भरीव आला तर अजून पाच-सात मिनिटं द्या.

कढईत पाव वरून पांढुरका राहतो. चुलीवर करत असाल तर झाकण लोखंडी किंवा बिडाचं घ्या आणि त्यावर निखारे ठेवा, बॅस्टिबलसारखाच रंग येतो. गॅसवर असाल तर शेवटी पाव तापल्या तव्यावर दोन-तीन मिनिटं पालथा ठेवा. गटाकडे ओव्हन असेल तर 220 अंशांवर दहा मिनिटं, मग 190 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं.

कढईचाही खटाटोप नको असेल तर आयर्लंडच्या उत्तर भागातली रीत बघा. तिथे पीठ दीड-दोन बोटं जाड थापतात, चार तुकडे करतात आणि तव्यावरच भाजतात. त्या तुकड्याला फर्ल म्हणतात, म्हणजे चौथा भाग. तव्यावर तेल नाही, नुसता मैदा भुरभुरवायचा. मंद आच, एका बाजूला सात-आठ मिनिटं. साखर असल्याने लवकर करपतं, तेव्हा जवळून हलू नका. शेवटी कडाही तव्याला टेकवून भाजा.

पाव निघाला की स्वच्छ फडक्यात गुंडाळा, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो. अर्धा तास तरी कापू नका. गरम कापला तर आत गिच्च लागतो. खायचा त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, तेव्हा तुकडे तव्यावर शेकून लोणी लावा.

तुमचे प्रश्न

"ज्वारी-बाजरीच्या पिठाचा होईल का?" नुसत्या ज्वारीचा नाही होणार. गव्हाचा थोडा चिवटपणा लागतोच, नाहीतर बुडबुडे धरले जात नाहीत आणि पाव भुगा होतो. चौथा हिस्सा ज्वारीचं पीठ घालून बघा.

"सोड्याऐवजी बेकिंग पावडर?" ती वेगळी वस्तू आहे. तिच्यात सोड्याबरोबर कोरडा आंबट पदार्थ आधीच असतो. हे माप तिला लागू नाही.

"सोडा जुना आहे, चालेल?" लिंबाचे दोन थेंब टाका. जोरात फसफसला तर चालेल. आणि मैत्रिणींनो, खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा एका फळीवर ठेवू नका.

"रोज खावा का?" नको. मैदा आहे, साखर आहे. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय त्यांनी लक्षात घ्यावं की सोड्यातूनही मिठासारखंच सोडियम पोटात जातं. लहान मुलांसाठी बेदाणे बारीक चिरून घाला, घशात अडकत नाहीत.

विकायचा असेल तर

हा पाव टिकत नाही, म्हणून दुकानात ठेवायला नको. ऑर्डर घ्या आणि त्याच दिवशी द्या. विक्रीसाठी एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. आणि हिशोब लिहिताना मैदा, ताक, साखर, बेदाणे, गॅस, कागद इतकंच लिहून थांबू नका. आपली मजुरी लिहा. दही घरचं असलं तरी त्याची किंमत लिहा. घरचं आहे म्हणून फुकट धरलेलं दही म्हणजे कोणाचीतरी पहाटेची धार असते.

आम्ही दुसऱ्यांदा पाव केला तेव्हा एकच केला. चहाचा चमचा घेतला, सुरीने सपाट केला. मळायला गेलेला एकीचा हात दुसरीने धरला. पाव फुगला, टकटक केली, पोकळ आवाज आला. मग आठ दिवस रोज एक केला, तेव्हा कुठे नव्याने ऑर्डर घेतली. त्याच घरून, सहा पावांची. पैसे आले तेव्हा गटाच्या वहीत पहिली ओळ लिहिली, ती बेदाण्यांची उधारी फिटली याची. ती मैत्रीण नको नको म्हणत होती. आम्ही म्हटलं, अंड्यांचे पैसे तुझे आहेत, ते गटाच्या मायेत बुडवायचे नाहीत. तिने ते घेतले, आणि पुढच्या बाजाराला तासगावचे बेदाणे घेऊन आली. या वेळी गटाच्या नावावर, पावतीसकट.

तुमचा पाव कसा झाला ते आम्हाला कळवा. बिघडला तर नक्की कळवा, कोणता चमचा वापरलात तेही सांगा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.